दान दिलेला मेंदू

मोहनरावांनी लग्नाच्या सदतीस वर्षांत बायकोला न विचारता एकच काम केलं, आणि तेही तिच्याच सोयीसाठी. पुढच्या पाच दिवसांत हे वाक्य त्यांनी मनाशी इतक्या वेळा घोळवलं, की शेवटी ते त्यांना चौकशी अधिकाऱ्यापुढच्या जबाबासारखं ऐकू यायला लागलं.

काम साधं होतं. सावित्रीबाईंचा कॉम्प्युटर हळू चालायचा, तो जलद करायचा. कॉम्प्युटर सावित्रीबाईंचा होता हे आधीच सांगितलेलं बरं, कारण शिरूर कासारात अजूनही पुष्कळांचा असा समज आहे, की घरात विजेवर चालणाऱ्या वस्तूंपैकी मिक्सर तेवढा बाईचा आणि बाकी सगळं पुरुषाचं. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो स्वतःच्या पैशांनी घेतला, कुणी न शिकवता मराठी टायपिंग शिकल्या, आणि गेली दोन वर्षं त्या रोज दुपारी जेवणं आटोपली की त्याच्यापुढे बसत होत्या. मोहनराव तेव्हा शेजारच्या पलंगावर पडून पेपर वाचत. बायको काय करते आहे हे त्यांना साधारण माहीत होतं, पण विचारण्याइतकं ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला घरातल्या कागदांचं फारसं काही वाटत नाही.

सावित्रीबाई करत होत्या ती एक यादी. नदीपलीकडच्या वाडीवर त्यांनी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. वाडीतली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. पोरं कुठल्या तरी कारखान्याच्या फडात, पाचटाच्या कोपीत जन्मतात आणि रांगायला लागल्यावर गावी येतात. जन्माचा दाखला नसतो. शाळेत नाव घालताना तारीख विचारली, की आई म्हणते, थंडी लई होती. मग गुरुजी सरकारी पद्धतीप्रमाणे एक जून लिहून टाकतात. वाडीच्या शाळेत एक्केचाळीस पोरं होती आणि त्यातली एकोणतीस एक जूनला जन्मली होती. त्या दिवशी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यामुळे त्यांच्यातल्या एकाचाही वाढदिवस शाळेत कधी झाला नव्हता.

सावित्रीबाईंना हे तीस वर्षं खुपत होतं. त्यांनी जुन्या वह्या काढल्या, अर्ध्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. उरल्यासुरल्या नोंदी घेऊन त्या एकेका आईकडे जाऊन बसल्या. कारखाना बंद व्हायच्या किती दिवस आधी, त्या दिवशी उसाची गाडी कुठे होती, मुकादमाकडे वजनकाट्याची पावती आहे का, असं विचारत विचारत त्यांनी त्रेसष्ट पोरांच्या खऱ्या तारखा शोधून काढल्या आणि प्रत्येकासमोर फोटो लावला. येत्या बुधवारी तहसीलला उशिराच्या जन्मनोंदणीचं शिबिर होतं. तिथं ही यादी द्यायची होती. शिबिर परत कधी होईल ते कुणीच सांगत नव्हतं, आणि दिवाळीनंतर वाडी पुन्हा रिकामी होणार होती.

फोटोंमुळे यादी जड झाली. फाईल उघडायला घातली की सावित्रीबाई चहा ठेवून येत, चहा पिऊन होई, तरी फाईल अर्धीच उघडलेली असे. हा लई दमतो, असं त्या एकदा म्हणाल्या, आणि तेवढंच वाक्य मोहनरावांनी मनावर घेतलं. आष्टीला मोहनरावांच्या बायनाबाई आत्या आजारी आहेत म्हणून सावित्रीबाई आठ दिवसांसाठी गेल्या, तेव्हा जाताना एवढंच सांगून गेल्या होत्या की कॉम्प्युटरला हात लावू नका, धूळसुद्धा पुसू नका. मोहनरावांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते बसस्थानकासमोर सोमेश्वरच्या दुकानात होते.

सोमेश्वर मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं सांगितलं, काका, नवा कॉम्प्युटर कशाला, डबा तोच राहू द्या, आपण मेंदू बदलू. मेंदू म्हणजे प्रोसेसर, हे त्यानं पुढे समजावून सांगितलं. नवा मेंदू जुन्याच खोबणीत बसतो. मोहनरावांना ही व्यवस्था पसंत पडली, कारण कार्यालय तेच आणि साहेब नवा, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी सोमेश्वर घरी आला. त्यानं जुना मेंदू काढला, नवा बसवला, वरचा पंखा घट्ट केला, आणि चालू करून बघायला बटणाकडे हात नेला तेवढ्यात लाईट गेली. तासभर वाट पाहून तो म्हणाला, लाईट आली की तुमीच चालू करा, घोड्यावानी पळंल. जुना मेंदू एका प्लास्टिकच्या डबीत घालून त्यानं मोहनरावांच्या हातात दिला आणि तो गेला.

इथं एखाद्या साध्या माणसानं ती डबी कपाटात टाकली असती. पण दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्ट होता. वाडीच्या शाळेत झेंडावंदनाला सावित्रीबाई दर वर्षी जायच्या, मोहनराव त्यांच्या मागे खुर्चीत बसायचे. यंदा ते एकटेच जाणार होते आणि एकटं जायचं म्हणजे काहीतरी द्यायला हवं होतं. गेल्या वर्षी आडत दुकानदारानं तीन डझन वह्या देऊन शाल घेतली होती आणि वर वीस मिनिटं भाषण केलं होतं. वह्या संपतात. मोहनरावांना टिकणारं काहीतरी द्यायचं होतं.

म्हणून झेंडा फडकल्यावर, राष्ट्रगीतानंतर, मुख्याध्यापक रामकिसन गुरुजींच्या हातात एक ताट दिलं गेलं. ताटात नारळ होता, हळदकुंकू होतं आणि तो मेंदू होता. आपण आज या शाळेला मेंदू देत आहोत, असं मोहनराव माईकवर म्हणाले तेव्हा गुरुजींच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी येऊन गेलं, पण त्यांनी ते आवरलं. मोहनरावांना शाल मिळाली. भाषण चौदा मिनिटं झालं. शाळेतल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरात तो मेंदू बसत नाही, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी झेंडावंदनाच्या दिवशी कुणी बोललं नसतं.

घरी आल्यावर मोहनरावांनी शाल खुंटीला लावली, लाईट असल्याची खात्री केली आणि बटण दाबलं. पंखा फिरला, निळा दिवा लागला, पडदा काळाच राहिला. त्यांनी पंधरा मिनिटं वाट पाहिली, कारण साहेब नवा असला की पहिल्या दिवशी उशीर होतो. मग बंद करून पुन्हा दाबलं. पंखा पुन्हा फिरला.

त्या दिवसापासून घराला जत्रेचं स्वरूप आलं. शेजारचा म्हाळू झिरो वायरमन आहे, म्हणजे वीज कंपनीचा पगार सोडून वायरमनचं बाकी सगळं काम तोच करतो. त्यानं दारातूनच निदान केलं, की व्होल्टेज कमी पडतंय, नव्या मेंदूला भूक जास्त असती. मग त्यानं विजेच्या मीटरपासून जाड वायर ओढून आणली. पंखा जोरात फिरायला लागला, इतकंच. मोहनरावांच्या जुन्या कार्यालयातले एक निवृत्त सहकारी आले आणि कॉम्प्युटर रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवा म्हणाले. तो भिजलेला नाही असं सांगितल्यावर ते म्हणाले, तरी ठेवा. तिसऱ्या एकानं टेबलाचं तोंड दक्षिणेला आहे हे दाखवून दिलं. मोहनरावांनी सल्ल्यावर विश्वास नसल्याचं स्पष्ट केलं आणि सगळे गेल्यावर टेबल पूर्वेला फिरवलं.

शनिवारी सोमेश्वर दोनदा येऊन गेला. त्यानं सगळं काढलं, खोडरबरानं घासलं, परत लावलं. पंखा फिरतोय म्हणजे जीव हाय, हे वाक्य तो दर अर्ध्या तासानं म्हणायचा, आणि मोहनरावांना दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्यासारखं वाटायचं. यादी गेली का, हे विचारायचं धाडस त्यांना संध्याकाळपर्यंत झालं नाही. विचारलं तेव्हा सोमेश्वर म्हणाला, यादी शाबूत हाय, ती दुसऱ्या चिपवर असती. पण ती चिप चपटी, नव्या जातीची आहे, तिला लावायची खोबण आपल्या दुकानात कुठल्याच मशीनला नाही, आणि त्याच्या बीडच्या उस्तादाकडची तशी मशीन मुंबईला दुरुस्तीला गेली आहे. मोहनरावांना बरंच हलकं वाटलं. पण बुधवार आता चारच दिवसांवर होता.

रविवारी त्या उस्तादानं फोनवरून निकाल दिला. मशीन बिघडलेली नाही, मेंदूही बिघडलेला नाही. फक्त बोर्ड जुना आहे आणि हा मेंदू नंतरचा, त्यामुळे बोर्ड याला ओळखतच नाही. बोर्डाच्या पोटातला प्रोग्राम नवा करावा लागेल, आणि तो करायचा तर जुनाच मेंदू बसवून मशीन चालू करावी लागेल. मग पुन्हा नवा बसवायचा.

मोहनरावांना हे एका दमात समजलं. सोमेश्वरपेक्षाही चांगलं समजलं.

"म्हणजे चार्ज दिलेला न्हाई," ते म्हणाले. "जुन्या साहेबानं समक्ष येऊन कार्यभार सोपवला पायजे."

"बरुबर, काका. दहा मिनिटाचं काम हाय. जुना कुठंय?"

मोहनराव खुंटीवरच्या शालीकडे बघत राहिले. सोमेश्वरनं पुन्हा विचारलं. तसाच दुसरा बीडमध्ये मिळेल का, असं मोहनरावांनी उलट विचारलं. मागवला तर आठ दिवस लागतील, असं उत्तर आलं.

त्या संध्याकाळी सावित्रीबाईंचा फोन आला. आत्या बऱ्या आहेत, मंगळवारी संध्याकाळच्या बसनं येते, म्हणाल्या. कॉम्प्युटर झाकून ठेवलाय ना, असं त्यांनी विचारलं. मोहनराव हो म्हणाले. त्या वेळी कॉम्प्युटरवर टॉवेल होता, त्यामुळे उत्तर कागदोपत्री बरोबर होतं. खोटं बोलणं त्यांना नवीन नव्हतं, कार्यालयात रोज लागायचं. बायकोशी खोटं बोलायची वेळ आजवर आली नव्हती आणि ते फार वाईट लागलं.

सोमवारी दहाला ते शाळेत गेले. मेंदू कपाटात काचेमागे होता. त्याला कुंकवाचा ठिपका होता आणि खाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती, संगणकाचा मेंदू, देणगीदार श्री. मोहनराव. काचेवर पोरांच्या नाकांचे ठसे उमटले होते. रामकिसन गुरुजींनी चहा मागवला. मोहनरावांनी पाऊसपाणी, शिक्षकांच्या बदल्या आणि खिचडीतला तांदूळ या विषयांवर बोलून घेतलं, आणि मग आवाज खाली आणून, दिलेली वस्तू दहा मिनिटांसाठी परत मिळेल का, असं विचारलं.

गुरुजी वाईट माणूस नव्हते. ते नियमातले माणूस होते, आणि नियमातल्या माणसाला नियमातला माणूस भेटला की दोघांचीही पंचाईत होते. त्यांनी जडसंग्रह नोंदवही काढली, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंची वही. त्यात सत्तेचाळीस क्रमांकावर नोंद होती: संगणकाचा मेंदू, लहान, चौकोनी, एक नग. वस्तू एकदा या वहीत चढली की ती शासनाची, असं गुरुजी म्हणाले. ती मोडली तर खाली उतरवायची पद्धत आहे. हरवली तर पंचनाम्याची पद्धत आहे. दात्याला दहा मिनिटं द्यायची पद्धत नाही. मात्र अर्ज केल्यास आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही आणल्यास विचार करता येईल.

हे ऐकून मोहनरावांना राग यायला हवा होता. पण पस्तीस वर्षं त्यांनी हेच उत्तर याच स्वरात शेकडो लोकांना दिलं होतं, आणि उत्तरात चूक काढायला जागा नव्हती. त्यांनी तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. विषय, दान दिलेला मेंदू तात्पुरत्या स्वरूपात परत मिळणेबाबत. संदर्भ, आमचे दिनांक पंधरा ऑगस्टचे भाषण. उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, इथपर्यंत हात सराईतपणे चालला. पुढे कारण लिहायचं होतं. कारण लिहायला त्यांना वीस मिनिटं लागली आणि शेवटी त्यांनी, घरगुती अडचण, एवढंच लिहिलं.

समितीचा अध्यक्ष सटवा. त्याची सत्तर-ऐंशी मेंढरं आहेत आणि एक मुलगी, सुकन्या, ती चौथीत. तो माळावर होता. कुठल्या माळावर, ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. मोहनराव सँडल घालून चार वाजेपर्यंत कुसळं आणि दगड तुडवत हिंडले, दोन वेळा दुसऱ्याच माणसाच्या मेंढरांपर्यंत पोचले, आणि शेवटी सटवा एका बाभळीखाली भाकरी खाताना सापडला. त्यानं आधी त्यांना पाणी दिलं. मग अर्ज दोन्ही बाजूंनी बघितला आणि वाचून दाखवायला सांगितलं. मोहनरावांनी वाचला.

"घरगुती अडचण म्हंजी काय?" सटवा म्हणाला.

माळावर दुसरं कुणी नव्हतं. मेंढरं ऐकत नव्हती. मोहनरावांनी सगळं सांगितलं, यादीपासून टॉवेलापर्यंत. त्रेसष्टमध्ये सुकन्याचंही नाव आहे, हे सांगताना त्यांची मान खाली गेली. सटवानं भाकरी संपवली, हात धुतले.

"सही करतो मी," तो म्हणाला. "पर दिल्यालं परत नेऊ नगा, साहेब. पोरं रोज काचंला नाक लावून बघत्यात त्येला. उद्या दिसला न्हाई तर इचारतील, आन् काय सांगायचं आमी? तुमी तुमचं यंत्र हिकडं आणा. शाळंतच बसवा. वस्तू शाळंतली शाळंत ऱ्हाईल."

नियमातली ही फट ना गुरुजींना दिसली होती, ना अव्वल कारकुनाला. मोहनरावांना ती दिसली आणि तिच्यातून काय येणार तेही दिसलं. यंत्र शाळेत न्यायचं म्हणजे एक्केचाळीस पोरांसमोर, ज्या ओट्यावर शाल घेतली त्याच ओट्यावर न्यायचं. त्यांनी रात्रभर दुसरा मार्ग शोधला. सापडला नाही.

मंगळवारी सकाळी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून ते रिक्षात मांडीवर घेऊन बसले. वाटेत ओळखीच्या तिघांनी हात दाखवून काय नेताय म्हणून विचारलं आणि तिघांनाही त्यांनी निरनिराळी उत्तरं दिली. शाळेत गुरुजींनी याचं प्रात्यक्षिक करून टाकलं होतं. पोरं रांगेत बसली होती, फळ्यावर आजचा विषय लिहिला होता, संगणकाचे आरोग्य. म्हाळूला मोहनरावांनीच बोलावलं होतं, कारण सोमेश्वरनं बजावलं होतं की प्रोग्राम नवा होत असताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा जाईल. मग कुठलाच मेंदू उपयोगाचा नाही. वाडीत दिवसा सलग दहा मिनिटं लाईट राहणं हा योग दुर्मिळ आहे. म्हाळू विजेच्या डीपीपाशी जाऊन उभा राहिला आणि आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी बंद ठेवायला त्यानं दोघांना बांधावर पिटाळलं.

गुरुजींनी कपाटाचं कुलूप काढलं. सोमेश्वरनं मेंदू उचलला, कुंकू पुसलं, उलटा केला आणि त्याचा चेहरा उतरला. मेंदूच्या पोटाखाली केसाएवढ्या बारीक शेकडो पितळी टाचण्या असतात. त्यातल्या कोपऱ्यातल्या चार वाकल्या होत्या. कशानं वाकल्या, हे कुणी विचारलं नाही. पंधरा ऑगस्टला ताट हातात घेताना नारळ घरंगळला होता, ते मोहनरावांनी आणि गुरुजींनी दोघांनीही पाहिलं होतं.

सोमेश्वरनं नखानं एक सरळ करून बघितली आणि नाद सोडला. अध्यक्ष म्हणून सटवा हजर होता, तो पुढे आला. त्यानं कमरेच्या करगोट्याला अडकवलेला लहानसा चिमटा सोडला. मेंढरांच्या खुरातले आणि स्वतःच्या पायातले काटे काढायला मेंढपाळ तो जवळ बाळगतात. बिडी ओढायची तलफ बाजूला ठेवून तो उन्हात उकिडवा बसला आणि त्यानं एकेक टाचणी सरळ केली. एका टाचणीला जितका वेळ लागायचा तितका वेळ शाळेत कुणी खोकलंसुद्धा नाही. चौथी झाल्यावर त्यानं मेंदू डोळ्यापाशी धरून रांगा तपासल्या आणि सोमेश्वरच्या तळहातावर ठेवला.

जुना मेंदू खोबणीत बसला. बटण दाबलं. पडदा उजळला, आणि मोहनरावांना पाच दिवसांनंतर पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. सोमेश्वरनं पेनड्राईव्ह लावला. पडद्यावर एक रेघ आली आणि ती मुंगीच्या पावलानं पुढे सरकायला लागली. आता कुणीही कशालाही हात लावायचा नाही, असं त्यानं सांगितलं. पोरं आपसूक उभी राहिली. गुरुजींनीही हात मागे बांधले. दोन मिनिटांचं मौन पाळतात तसं दृश्य होतं, फक्त ते संपत नव्हतं.

रेघ निम्म्यावर आली असेल तेव्हा फाटकातून सावित्रीबाई आत आल्या. सकाळचीच बस मिळाली म्हणून त्या आल्या होत्या. रिक्षावाल्यानं मोहनराव कॉम्प्युटर घेऊन वाडीला गेल्याचं सांगितलं होतं, म्हणून पिशवी घेऊन तशाच पुढे आल्या होत्या. त्यांनी ओट्यावर उघडा पडलेला डबा पाहिला, वायरी पाहिल्या. मोहनरावांपाशी सांगण्यासारखी बरीच कारणं तयार होती. पाच दिवस त्यांनी ती घोटली होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"मी हात लावला," ते म्हणाले. "तुला विचारलं न्हाई."

एक्केचाळीस पोरं, गुरुजी आणि अध्यक्ष ऐकत होते. सावित्रीबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"यादी?" त्यांनी सोमेश्वरला विचारलं.

सोमेश्वर म्हणाला शाबूत हाय, फक्त ही रेघ पार होऊ द्या. सावित्रीबाई पहिल्या रांगेत पोरांशेजारी खाली बसल्या आणि रेघेकडे बघायला लागल्या. मोहनराव थोडा वेळ उभे राहिले, मग तेही त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. रेघ पार झाली तेव्हा म्हाळूला हाक मारून सांगावं लागलं, नाहीतर तो संध्याकाळपर्यंत डीपीला टेकून उभा राहिला असता.

नवा मेंदू बसायला पुढे पाव तास गेला. जुना परत काचेमागे गेला आणि गुरुजींनी वहीत वस्तू जागेवर असल्याचा शेरा मारला. मग सावित्रीबाईंनी स्वतः उठून फाईल उघडली. ती लगेच उघडली. पोरं ओट्याभोवती गोळा झाली आणि आपापले फोटो शोधायला लागली. तारखा मोठ्यानं वाचल्या जायला लागल्या, नऊ जानेवारी, सव्वीस मार्च, तीन डिसेंबर. सुकन्याची निघाली अकरा फेब्रुवारी. तिनं ती दोनदा वाचली आणि बापाकडे बघितलं. सटवा म्हणाला, व्हय, तवा आपण तोडीला जायचो, त्या दिशी आपली गाडी काट्यावर हुती. गुरुजी चष्मा हातात घेऊन उभे होते. माझ्यापुढं कागद नव्हता बाई, असं ते हळूच सावित्रीबाईंना म्हणाले, आणि आता झाला की, असं त्या म्हणाल्या.

यादी त्रेसष्टवर संपायला हवी होती. सुकन्यानं आणखी खाली सरकवलं.

"बाई, या माणसाची तारीख कावून न्हाई?"

मोहनराव पुढे झाले. चौसष्ट क्रमांक होता. नाव मोहन, आईचं नाव मुक्ताबाई, जन्मगाव आष्टी. फोटो त्यांच्याच लग्नातला होता, मुंडावळ्या कापून फक्त चेहरा घेतलेला. तारखेचा रकाना रिकामा होता. शेऱ्यात लिहिलं होतं, शाळेत एक जून एकसष्ट, खरी नाही, बायनाबाई आत्यांना विचारणे.

"आत्या आजारी नव्हत्या," सावित्रीबाई म्हणाल्या. "तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी जाऊ दिलं नसतं. कशाला उगाच म्हणाला असता." त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "चीनच्या लढाईचं साल. दिवाळीचा पाडवा, तांबडं फुटायच्या आधी. आत्यांच्याच हातात झालात तुमी. पंचांग काढून बघितलं. एकोणतीस ऑक्टोबर, बासष्ट."

पहिल्यांदा मोहनरावांच्या मनात आलं ते कारकुनाच्याच मनात येईल असं. एक जून एकसष्टच्या हिशेबानं ते एकोणीसच्या मे अखेरीस निवृत्त झाले होते. या तारखेनं वीस सालच्या ऑक्टोबर अखेरीस व्हायला हवे होते. शासनानं त्यांना एक वर्ष पाच महिने आधी घरी पाठवलं होतं. त्यांनी हे बोटांवर दोनदा मोजलं.

आणि मग बोटं थांबली. पाडवा. पाडव्याला घरातली बाई आधी नवऱ्याला तेल लावते, नवऱ्याला ओवाळते. त्यांच्या घरात तसं कधी झालं नव्हतं. आई अंधारातच त्यांना उठवायची, भावंडं झोपलेली असायची, आणि सगळ्यांच्या आधी त्यांना न्हाऊ घालून ओवाळायची. वडील तोवर उघड्या अंगानं पाटावर आपल्या पाळीची वाट बघत बसून असायचे. भाऊ पुढे कित्येक वर्षं यावरून त्यांना चिडवायचे. आई जाऊन बावीस वर्षं झाली होती.

"आईनं मला सांगितलं कावून न्हाई?" ते म्हणाले.

"दर पाडव्याला सांगतच हुत्या की," सावित्रीबाई म्हणाल्या. "तुमी विचारलं न्हाई."

त्यांनी खुर्ची नवऱ्याकडे सरकवली. मोहनराव बसले. चष्मा काढून पुसला, परत घातला, पुन्हा काढला. गुरुजींनी पोरांना वर्गात जायला सांगितलं, पण कुणी हललं नाही. सुकन्या त्यांच्या खांद्याशी उभी राहून कुठली कळ दाबायची ते दाखवत होती. मोहनरावांनी एका बोटानं दोन दाबला, नऊ दाबला. तिथून ऑक्टोबरपर्यंत पोचायला त्यांना पुष्कळ वेळ लागला.